तांबडी उठल्याशिवाय

परतूरला मी ज्या घरात भाड्याने राहिलो त्या घरात वीज होती, पंखा नव्हता. छताला पंख्यासाठी हूक मात्र होता आणि त्याला घरमालकांनी बियाण्याची मक्याची कणसं टांगली होती.

खोली घेतली तेव्हा थंडी होती. होळीनंतर मी पंख्याचा विषय काढला. घरमालकांनी विचारलं, "कशाला?"

"उन्हाळा येतोय."

"येऊ द्या की. आला का हलायचं."

ते गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत. गाव त्यांना सर म्हणे, त्यांच्या पत्नीला काकू. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. बाजार समिती, कापसाची आवक, रेल्वे फाटकावरचे अपघात, अशा बातम्या पाठवत असे. सरांची बातमी कधी पाठवली नाही. एकदाच पाठवली, तीही त्यांचं नाव न घालता. ती पुढे येईल.

हलण्याचा त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा होता. "जनावर तापलं का हलतं. गारठलं का हलतं. सकाळी सरडा बघा, कुंपणावर उन्हाला अंग देऊन बसतो. रंग बी गडद करून घेतो. तापला का सावलीत जातो. कुणी सांगू राह्यलं का त्याला? माणूस तेवढा तापला का बटण दाबतो आन् तिथंच बसतो. पंखा म्हणजे माणसाला बांधायचं दावं हाय."

सरांना कोणी बांधलेलं नव्हतं. ते तांबडीच्या मागे हिंडत.

तांबडी ही विटकरी रंगाची गावठी कुत्री. ती घरात आपणहून आली होती. तिचे कोणी लाड करत नसे, तिच्या अंगावरून हात फिरवत नसे. तिचं काम जागा दाखवण्याचं. उन्हाळ्यात ती सकाळी ओट्यावर असे, मग जिन्याखाली. ऊन चढलं की घराच्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून लागून असलेल्या रांजणापाशी, कारण तिथे पाणी पाझरून माती ओली राही आणि बारा वाजेपर्यंत भिंतीची सावली असे. भिंतीवरून ऊन आलं, रांजणावर पडलं, की ती उठून मोरीत जाई. तिच्यामागून सर खुर्ची आणि तपासायच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन जात. तांबडी दारात आडवी झाली तर सर दारात बसत, आणि येणारा-जाणारा दोघांना ओलांडून जाई. घरी पाहुणा आला की काकू म्हणत, "सर ना? तांबडी कुठं हाय बघा."

घरात नियम एकच होता. तांबडीला उठवायचं नाही. "थर्मामीटर हलवला का पारा चुकतो," असं सर म्हणत. ती आपणहून उठली की तिच्या जागेवर तळहात टेकवून ते माती बघत आणि मान डोलावत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जिभेतून ऊब टाकतं, आणि पोटावर केस कमी असतात म्हणून वरची तापलेली माती उकरून खालच्या गार मातीला पोट लावतं, हे ते वर्गात शिकवत. शिकवण्याआधी त्यांनी स्वतः करून पाहिलं होतं. शाळेच्या मैदानात, मधल्या सुट्टीनंतर, शर्ट वर करून ते पालथे पडले. शिपायाने पाहिलं आणि मुख्याध्यापकांना सांगितलं की सर गेले. मुख्याध्यापक धावत आले. सरांनी मान न उचलता सांगितलं, "वरचा थर तापल्याला हाय. खालचा बरा हाय."

माझ्या खाटेत ढेकूण होते. मी तक्रार केली. घरमालकाने अशा वेळी औषध मारावं अशी अपेक्षा असते. सरांनी संध्याकाळी गरम पाण्याने भरलेला पितळी लोटा आणून माझ्या उशाशी ठेवला.

"हे काय?"

"ढेकूण तुमचं तोंड बघून येत न्हाई. ऊब बघून येतो. त्याला लोटा बी तुम्हीच."

सकाळी ते लोटा बघायला आले. लोट्याच्या बुडाशी ढेकूण होते. माझ्या पाठीखालीही होते, पण त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "बघा, किती जण चुकले!" ते म्हणाले. पुढे उन्हाळाभर ते न चुकता लोटा आणून देत. भाडेकरूला दिलेली ही एकमेव सोय होती आणि तिचा उल्लेख ते अभिमानाने करत.

गावाबाहेर मेलेली जनावरं टाकत तिथे तेव्हा गिधाडं उतरत. त्यांच्या पायांवर पांढरे ओघळ असतात. गिधाड उन्हात स्वतःच्या पायावर शिटतं. ओल वाळते तशी पायातली ऊब जाते. सरांना हे फार आवडलं होतं. एसटी स्टँडवर जालन्याच्या गाडीची वाट बघताना ते धोतर गुडघ्यापर्यंत वर घेत आणि तांब्याने नडग्यांवर थोडं थोडं पाणी सोडत. एकदा कंडक्टर म्हणाला, "सर, पाय धुवायचेत तर नळ तिकडं हाय."

"धुवून न्हाई राह्यलो. गिधाडाची रीत हाय ही. ते शिटतं, मी तांब्या वापरतो. तेवढी सुधारणा."

कंडक्टरने तिकिटाचा चिमटा वाजवला. "मंग गिधाडाला तिकीट हाफ का फुल?"

"फुल. उडता येत न्हाई ना अजून."

आता त्या बातमीबद्दल. एक मेच्या झेंडावंदनाला तालुक्याचे एक पुढारी आले होते. ऊन चढलं तरी भाषण संपत नव्हतं. रांगेतली मुलं चुळबुळ करू लागली, एक-दोघी मटकन खाली बसल्या. सर आपल्या वर्गासमोर उभे होते. त्यांनी हळूच म्हटलं, "मेंढरं."

भर उन्हात माळावर मेंढ्या कशा उभ्या राहतात ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. एकमेकींना खेटून, प्रत्येकीचं डोकं पुढचीच्या पोटाखाली. अंग तापलं तरी डोकं सावलीत राहतं. सरांच्या वर्गाने क्षणात तसं केलं. त्यांचा सराव झालेला होता. सगळा वर्ग एकमेकांना चिकटला आणि माना खाली गेल्या. शेजारच्या वर्गांनी पाहून तेच केलं. पुढाऱ्यांना वाटलं आपल्या बोलण्याचा परिणाम झाला. ते गहिवरले आणि आणखी बराच वेळ बोलले. "विद्यार्थ्यांनी नतमस्तक होऊन मान्यवरांचे विचार ऐकले," अशी बातमी मी दिली. तीत चुकीचं काही नव्हतं.

अलीकडे, म्हणजे दोन हजार सालानंतर, मी त्या घरी जाऊन आलो. सर तेव्हा नव्हते. हुकाला पंखा होता, ओसरीत कूलर होता. कूलरच्या तोंडाशी एक विटकरी कुत्रं पोट टेकवून पडलं होतं, आणि काकू खुर्ची घेऊन त्याच्या शेजारी बसल्या होत्या. "सवय," एवढंच त्या म्हणाल्या. मग लग्नाचा विषय निघाला. त्या घरात तो निघतोच.

सरांना एकच मुलगी, विद्या. तेव्हा ती बालवाडीत शिकवत होती. वय वाढत होतं आणि दोन स्थळं वडिलांमुळे मोडली होती. पहिल्या मुलाला सरांनी विचारलं, "उन्हाळ्यात कुठं झोपता?" तो म्हणाला, पंख्याखाली. "स्वतःहून?" सरांनी विचारलं. मुलाला प्रश्न कळला नाही. त्याच्या वडिलांना कळला, आणि तो त्यांना लागला. दुसऱ्या स्थळाची माणसं भर वैशाखात आली. सरांनी त्यांना गोठ्यात सतरंजी टाकून बसवलं, कारण त्या वेळी घरापेक्षा गोठा गार होता. म्हैस पाहुण्यांकडे बघत होती, पाहुणे म्हशीकडे. सर सांगत होते, "हिचं कातडं काळं, घाम कमी. चिखलात लोळाय भेटलं न्हाई तर हिचं काय खरं न्हाई." चहा झाल्यावर पाहुणे उठले ते पुन्हा आले नाहीत. काकू म्हणाल्या, "पोरगी दाखवली का म्हैस, तेच त्यांना उमगलं न्हाई."

तिसरं स्थळ धावड्याचं. जमीनदार घर, मुलगा भोकरदनला नोकरीला. मुलाचे वडील उंच, रुंद, कमी बोलणारे. गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे, आणि पडू नये याची ते काळजी घेत. सुपारी फुटली. त्या रात्री जेवताना विद्याने वडिलांना सांगितलं, "अण्णा, हे मोडलं तर मी पुन्हा कुणाच्या समोर चहा घेऊन जाणार न्हाई. लग्नाच्या दिवशी तुम्ही फक्त गप राहा."

"राहतो की."

"खरंच?"

"तोंडातून अक्षर काढत न्हाई."

सर शब्दाचे पक्के होते. पण तो शब्द त्यांनी स्वतःपुरता दिला होता.

लग्न मेमध्ये, मुहूर्त दुपारचा. मंडप सरांच्या घरासमोर आणि बाजूच्या मोकळ्या जागेत घातला. मंडपवाले गफूरभाई शेजारीच राहत. कुठे खांब रोवायचे ते सरांनी दाखवलं, आणि सरांना तांबडीने. मंडपाचं एक टोक रांजणापर्यंत आलं. तिथे, रांजणाच्या शेजारी, व्याह्यांची बैठक मांडली. गादी, पांढरी चादर, लोड, तक्के. घरातली सगळ्यात गार जागा ती होती आणि सरांच्या लेखी यापेक्षा मोठा मान नव्हता. सकाळपासून त्यांनी चादरीखालच्या मातीवर पाणी शिंपडून घेतलं होतं.

ती जागा दुपारी बारापर्यंत तांबडीची असते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंना वाटलं, आज सर तिला बांधतील. सरांना वाटलं, गादी मोठी आहे, दोघं मावतील.

वाजतगाजत वऱ्हाड आलं. व्याही पुढे. पांढरं धोतर, काळा कोट, डोक्याला गुलाबी फेटा. काकूंनी पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि त्यांना बैठकीकडे नेलं. पांढऱ्या चादरीच्या मधोमध तांबडी पसरली होती. चारी पाय मागे-पुढे ताणलेले, पोट चादरीला.

व्याही थांबले. "हे काय?"

सर गप्प.

"कुत्रं हाय का?"

सरांनी मान हलवून हो म्हटलं.

"उठवा त्याला."

काकू झाडू घेऊन धावल्या. तेव्हा सर बोलले. "उठवायचं न्हाई."

आत दाराआड उभ्या असलेल्या विद्याने डोळे मिटले, असं तिच्या मैत्रिणीने नंतर सांगितलं.

"व्याहीबुवा," सर म्हणाले, "तक्क्याकडून बसा. जिल्ह्यात या वेळेला याच्यापेक्षा गार जागा न्हाई. ती बसली म्हंजे खात्रीच समजा."

"म्हंजे कुत्र्यानं पास केल्याल्या जागंवर मी बसायचं?"

"जागंवर न्हाई. शेजारी."

व्याह्यांनी एक लोखंडी घडीची खुर्ची उचलली, मंडपाच्या बाहेर गेले, भर उन्हात ती उघडली आणि मंडपाकडे तोंड करून बसले. "कुत्रं उठंल तवा मी उठन," ते म्हणाले. मग बोलणं बंद.

लग्नातला रुसवा नवा नाही. रुसणाऱ्याने जागचं हलायचं नसतं. मुलीच्या बापाने नारळ-शेला घेऊन जायचं, दोन शब्द बोलायचे, हाताला धरून आणायचं. सगळ्यांना हे पाठ असतं आणि पंगतीच्या आत ते आटोपतं. पण रुसवा सावलीत होतो. मेमधल्या दुपारी, उघड्यावर, काळ्या कोटात रुसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

काकूंनी नारळ-शेला पाठवला. परत आला. छत्री पाठवली. "मी हितं हवा खायला बसलो न्हाई," म्हणून तीही परत आली. पाण्याचा तांब्या पायाशी ठेवला, तो तसाच राहिला. वऱ्हाडातल्या एकाने तांबडीकडे खडा फेकला. तिने त्याचा वास घेतला आणि मान पुन्हा खाली टाकली.

"लाथ घालून उठवतो मी तिला," तो म्हणाला.

"तू न्हाई," खुर्चीवरून आवाज आला. "त्यांनी उठवायचं."

नवरदेवाचे मामा मध्यस्थीला आले. बारीक अंगाचे, हसतमुख. ते सरांना म्हणाले, "सर, उठवा की बापा त्या कुत्र्याला. आमचे दाजी उठत नसतेत. मागं बांधावरून भांडण झाल्तं, तर दिसभर बांधावर बसून राह्यले."

"मंग कुणी उठवलं?"

"कुणीच न्हाई. लोकांनी बांध सरकवला."

सरांनी खुर्ची ओढून तांबडीच्या शेजारी घेतली. "काळजी करू नका. रांजणावर ऊन आलं का ती रोजच उठती. आता येईलच. तवर तेही उठतील. जनावर तापलं का हलतं."

"आमचे दाजी जनावर न्हाईत."

"तापायच्या बाबतीत सगळे सारखेच."

गफूरभाई वेगळ्याच चिंतेत होते. "सर, वो कुर्सी लोहे की हाय. पापड भाजते उसपर. और धोतर का कपडा पतला रहता, बराबर?"

"बराबर."

"मंग उठते कैसे नहीं?"

"तेच बघू राह्यलो."

पाहुण्यांचे आता दोन गट झाले होते. अर्धे तांबडीकडे बघत, अर्धे व्याह्यांकडे. बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. गुरुजी मुहूर्ताची आठवण करून देत होते, आणि दर वेळी हळू आवाजात. लिंबावरच्या कावळ्यांनी चोची उघड्या टाकल्या होत्या. व्याह्यांच्या कानशिलांवरून आधी घामाच्या धारा आल्या, कॉलर भिजली. मग धारा थांबल्या. चेहरा लाल आणि कोरडा झाला.

सरांच्या ते लक्षात आलं. घाम येतो तोवर ठीक, घाम थांबला की धोक्याचं, हे त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं. ते उभे राहिले. तांबडीकडे बघितलं. तिची वेळ होऊन गेली होती, तरी ती हलली नव्हती. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. दोन्ही प्राणी चुकत होते.

तेवढ्यात विद्या दारात आली. पिवळी साडी, मुंडावळ्या, हातात हिरवा चुडा. नवरीने असं बाहेर यायचं नसतं. बायका कुजबुजल्या.

"अण्णा," ती म्हणाली, "ते हलणार न्हाईत."

"हलायला पाह्यजेत."

"जनावर असते तर कवाच हलले असते. माणूस हाय तो. मरंल, पण हलणार न्हाई."

ती भांडत नव्हती. डोळे मात्र भरले होते.

"मंग?"

"मंग तुम्ही हला."

भर दुपारच्या उन्हात सर जाताना मी त्याआधी पाहिले नव्हते, काकूंनीही नाही. ते मंडपातून बाहेर पडले, तापलेल्या मातीवरून चालत खुर्चीपाशी गेले आणि व्याह्यांच्या शेजारी उभे राहिले. मग जरा इकडे सरकले. मग तिकडे. खुर्चीला एक फेरी झाली. त्या दिवसांत आमच्याकडे सूर्य दुपारी बरोबर माथ्यावर येतो. सरांची सावली त्यांच्याच पायाभोवती गोळा झाली होती, व्याह्यांपर्यंत जात नव्हती.

व्याह्यांनी मोठ्या कष्टाने विचारलं, "काय करू राह्यले?"

"सावली पाडू राह्यलो तुमच्यावर."

"पडली का?"

"न्हाई."

सर सावली शोधायला इकडे-तिकडे बघू लागले. तेव्हा त्यांची नजर मंडपाकडे गेली. रांजणावर, गादीवर, तांबडीवर कापडाची दाट सावली होती. रोज या वेळी तिथे लखलखीत ऊन असे.

"गफूरभाई," त्यांनी हाक मारली, "रांजणावर ऊन न्हाई आलं."

"कैसे आयेगा सर? मंडप हाय ना."

"मी सांगितल्याला."

"आपनेच सांगितल्याला."

सरांनी तांबडीकडे पाहिलं. तांबडी चुकली नव्हती. थर्मामीटरवर त्यांनीच कापड टाकलं होतं. मग ते म्हणाले, "ते टोक सोडा. रांजणावरचं."

गफूरभाईंनी कानाला हात लावला. "लगीन लागायच्या आधी मंडप सोडू? लोग मारेंगे मेरेकू!"

"सोडायचा न्हाई. सरकवायचा. हिकडं, व्याहीबुवांवर."

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी विचार केला. "मंडप हलवू नये, असं कुठं वाचल्याचं आठवत न्हाई," ते म्हणाले. मुहूर्त जवळ आला होता आणि त्यांनाही उकडत होतं.

वाढपी म्हणून आलेले सगळे सरांचे जुने विद्यार्थी. मिशा फुटलेले, काहींची पोटं सुटलेली. सरांनी हात वर केला आणि ते जमले, शाळेत जमत तसे. दोर सुटले. कापडाच्या कडा हातांनी वर धरून ते निघाले. डोक्यावर लाल-पिवळं कापड, झालर वाऱ्यावर हलतेय, आणि खाली चालणारे पाय. मंडपाचा तेवढा तुकडा मंडपातून निघून बाहेर गेला आणि व्याह्यांच्या डोक्यावर जाऊन थांबला.

व्याह्यांनी वर पाहिलं. "हे काय?"

"मंडप," सर म्हणाले. "तुम्हाला हलवलं न्हाई."

मामांनी माझ्या कानात सांगितलं, "बांध सरकला."

इकडे रांजणावर ऊन पडलं. पांढरी चादर डोळ्यांवर येऊ लागली. आता सगळे, दोन्हीकडचे, तांबडीकडे बघत होते. आधी एक कान हलला. मग तिने डोकं उचललं. ऊन कुठून आलं ते बघितलं. उठली. पुढचे पाय ताणले, मागचे ताणले, अंग झटकलं आणि कोणाकडे न बघता मंडपातून बाहेर पडली. सावली गेली होती तिकडे ती गेली. कापडाखाली शिरली, व्याह्यांच्या खुर्चीशी आली, पंजांनी वरची तापलेली माती उकरून मागे टाकली आणि खालच्या गार मातीला पोट लावून बसली.

"दाजी," मामा म्हणाले, "कुत्रं उठलं."

व्याह्यांनी खुर्चीखाली पाहिलं. "बसलं की."

"पर उठल्तं."

व्याह्यांनी डोळे मिटले. ते उठणार की नाही हे कळेना. उठायचं त्राणही आता त्यांच्यात नसावं. सरांनी पायाशी ठेवलेला तांब्या उचलला, खाली उकिडवे बसले, व्याह्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि नडग्यांवर थोडं थोडं पाणी सोडायला सुरुवात केली. एसटी स्टँडवर करत तसं. ओल वाळायला वेळ द्यायचा, मग पुन्हा सोडायचं. त्यांच्या मनात त्या वेळी गिधाड होतं, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

पण वऱ्हाडाला ते ठाऊक नव्हतं. मुलीचा बाप भर उन्हात मातीत बसून व्याह्यांचे पाय स्वतःच्या हाताने धूत आहे, एवढंच त्यांना दिसलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मंडपातून कोणीतरी "वा, सर, वा!" म्हणालं. काकू नेसत्या शालूत पळत आल्या आणि दुसऱ्या तांब्याने पाणी घालू लागल्या. व्याह्यांनी पाय मागे घेतले नाहीत. थोड्या वेळाने डोळे उघडून ते म्हणाले, "बास करा आता, व्याही. लाजवता का?"

"अजून थोडं. डावी नडगी गरम हाय."

"पाणी द्या जरा प्यायला."

ते तांब्याभर पाणी प्यायले. पुन्हा मागितलं. काळा कोट स्वतःच काढून मामांकडे दिला. कपाळावर घाम आला, आणि तो बघून सर पहिल्यांदा हसले.

मुहूर्ताला थोडाच वेळ उरला होता. गुरुजींनी पाट तिकडेच मागवले. नवरदेवाला आणलं, विद्याला तिच्या मामाने आणलं. कापड धरून उभ्या असलेल्यांचे हात भरून आले होते, म्हणून आळीपाळीने माणसं बदलत होती. पहिल्यांदा नुसते विद्यार्थी होते, शेवटी वऱ्हाडातलेही होते. अंतरपाट धरला. अक्षता वाटल्या. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा सगळे उभे राहिले, आणि व्याहीही खुर्चीच्या पाठीला धरून सावकाश उठले. त्याआधी खडा मारलेला माणूस त्यांच्या मागे होता. तांबडी पायात येते म्हणून त्याने तिला ढकलायला पाय उचलला.

व्याह्यांनी मागे न बघता हात आडवा केला.

"उठवायचं न्हाई," ते म्हणाले आणि अक्षता टाकल्या.